गिरणी-जमिनींचा पुनर्विकास

कापडगिरणी कायमची बंद पडल्यानंतर तिच्या इमारती, मोकळे आवार व लगतची कामगारवस्ती यांचा नव्या प्रयोजनासाठी नियोजनपूर्वक केलेला वापर. गिरणी चालू असताना जमीन हे उत्पादनाचे केवळ एक साधन असते. गिरणी थांबल्यावर मात्र जमीन हीच तिची सर्वांत मौल्यवान मालमत्ता ठरते. तिच्यावर मालक व त्याचे धनको, थकीत देणी व घर मागणारे कामगार आणि मोकळ्या जागेची गरज असलेले शहर असे तीन पक्ष हक्क सांगतात. या तिघांत वाटणी कशी करावयाची, हा पुनर्विकासाचा मूलभूत प्रश्न होय.

कामगारवस्तीसह गिरणी जतन केल्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क हे क्लाइड नदीकाठचे गाव. तेथील सूतगिरणी १७८६ मध्ये सुरू झाली. १८०० पासून समाजसुधारक रॉबर्ट ओएन याने तिचे व्यवस्थापन पाहिले व कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली. १९६८ मध्ये गिरणी बंद पडली. पुढे १९७४ मध्ये स्थापन झालेल्या विश्वस्त संस्थेने जुन्या इमारती व घरे यांची डागडुजी केली. २००१ मध्ये युनेस्कोने या गावाचा समावेश जागतिक वारशात केला. तेथे वस्ती अद्यापि नांदती आहे.

महाराष्ट्रात मुंबईखालोखाल गिरण्यांसाठी ज्ञात असलेल्या शहरांत सोलापूरची गणना होते. तेथील ‘जुनी मिल’ म्हणजेच सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. त्यानंतर नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू व जाम या गिरण्या निघाल्या. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद करण्यात आली, तेव्हा केंद्र शासनाने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून तिचे व्यवस्थापन हाती घेतले. त्यावरून उद्भवलेल्या दाव्यात १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मोबदला न देता मालमत्ता काढून घेणे अवैध ठरविले. संपत्तीच्या हक्कासंबंधीचा हा निर्णय भारतीय संविधानाच्या अभ्यासात महत्त्वाचा मानला जातो. कालांतराने या सर्व गिरण्या बंद पडल्या. जुन्या मिलच्या आवारात उमा नगरी ही वसाहत उभी राहिली. गिरणीचे नाव ‘जुनी मिल कंपाउंड’ या पत्त्याच्या रूपाने उरले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पुणे रस्त्यावर, मोहोळ तालुक्यातील चिंचोळी येथे औद्योगिक क्षेत्र विकसित केले. गिरणी व कामगारवस्ती पूर्वी एकमेकींस लागून असत. नव्या क्षेत्रामुळे कामाचे ठिकाण शहराबाहेर गेले. अशा रीतीने गिरणी-जमिनीचा पुनर्विकास व रोजगाराची पुनःस्थापना या दोन बाबी परस्परांपासून विलग झाल्या.

मुंबईत या प्रश्नाला सर्वाधिक तीव्र रूप आले. तेथील पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सु. अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या पूर्ववत सुरू झाल्या नाहीत. शहराच्या मध्यभागी ५८ गिरण्यांची मिळून सु. ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार पुनर्विकासात या जमिनीचे स्थूलमानाने तीन भाग करावयाचे होते : एक महानगरपालिकेला उद्याने व इतर सोयींसाठी, दुसरा म्हाडाला घरांसाठी व तिसरा मालकाला. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये एकत्रित आराखडा सुचविला. परंतु तो अंमलात आला नाही.

२००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. तीनुसार इमारती पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून वगळली गेली व मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीचीच वाटणी उरली. गिरण्यांचे बहुतेक आवार बांधकामाने व्यापलेले असल्याने शहराचा व म्हाडाचा वाटा पुष्कळच घटला. २००५ मध्ये महामंडळाच्या पाच गिरण्यांची जमीन सु. २,०२० कोटी रुपयांना विकली गेली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने इमारती पाडल्यावर मिळणारी जमीनही ‘मोकळी’च होय, असा अर्थ लावला. मात्र ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य करून २००१ ची दुरुस्ती वैध ठरविली. ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांच्या अर्थावर मध्य मुंबईचे भावी स्वरूप अवलंबून राहिले. लोअर परळ-वरळी परिसरात कार्यालये, व्यापारसंकुले व उत्तुंग निवासी इमारती उभ्या राहिल्या. गिरणी कामगार व त्यांचे वारस यांच्यासाठी म्हाडाने २०१२ मध्ये घरांची मोठी सोडत काढली; अर्जदारांची संख्या मात्र दीड लाखांच्या घरात होती. पुढे काहींना पनवेलजवळील कोन येथे घरे देण्यात आली.

या उदाहरणांवरून असे दिसते की, पुनर्विकासाचे फलित वास्तुरचनेपेक्षा वाटणीच्या नियमावर अधिक अवलंबून असते. जमीन एकदा खंडशः विकली गेली, की तिच्यावरील सार्वजनिक हक्क पुन्हा प्रस्थापित करणे दुष्कर होते. म्हणून वाटणीचा नियम व कामगारांच्या घरांची तरतूद या दोन्ही गोष्टी विक्रीपूर्वी निश्चित होणे आवश्यक ठरते.