पावसाळ्याची बेगमी : परसबाग आणि घरगुती उपचार

रोहिणी नक्षत्र लागले की खेड्यातील घरोघरी पावसाळ्याच्या बेगमीची धांदल सुरू होते. धान्याला ऊन देऊन ते कणगीत भरले जाते, सरपण व गोवऱ्या पडवीत रचल्या जातात, मीठमिरचीची व पापडसांडग्यांची सोय होते. कोकणात ह्यालाच आगोट म्हणतात. पावसाचे चार महिने कोणापुढे हात पसरावा लागू नये, हा ह्या जुन्या रिवाजाचा हेतू होय. तथापि ह्या बेगमीत दोन गोष्टी बहुधा राहून जातात : ताजी भाजी आणि आजारपणाची तयारी. ओढ्याला पूर येऊन वाट बंद झाली म्हणजे ह्यांचीच उणीव भासते, आणि तिची झळ प्रथम लहान मुलांना लागते.

परसबागेची आखणी

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ सालच्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढ व्यक्तीच्या रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. पाच मोठ्या माणसांच्या घरास हे प्रमाण दिवसाला दोन किलो होते. एवढी भाजी रोज विकत घेणे थोड्यांनाच परवडेल. घरामागे अर्धा गुंठा जागा असली तरी ह्या गरजेचा चांगला हिस्सा घरीच भागू शकतो.

जागा उन्हाची व निचऱ्याची निवडावी. पावसाळ्यात वीतभर उंचीचे गादीवाफे करावेत, म्हणजे मुळाशी पाणी साचत नाही. कुंपणावर वाल व कारले, मांडवावर दुधी भोपळा व दोडका चढवावा. वांगी व मिरची यांची प्रत्येकी आठदहा झाडे घरास पुरतात. शेवग्याची हातदीड हात लांबीची फांदी पहिल्या पावसात कोपऱ्यात लावावी. त्याचे लाकूड ठिसूळ असल्याने ते झाड घरापासून दूर असावे. शेवग्याच्या शेंगांइतकाच त्याचा पालाही मोलाचा आहे. त्यात चुना, लोह व 'अ' जीवनसत्त्वाचा अंश भरपूर असतो.

पालेभाजीचे सर्व बी एकाच दिवशी पेरणे ही नेहमी आढळणारी चूक होय. मग आठ दिवस भाजी उतू जाते आणि पुढे महिनाभर वाफा मोकळा राहतो. मेथी, पालक, माठ यांची पेरणी दर पंधरा दिवसांनी एकेका वाफ्यात करावी.

पाऊस सरल्यावर पाण्याचा प्रश्न येतो. न्हाणीचे व भांडी घासलेले पाणी खडी, वाळू व कोळसा भरलेल्या लहान खड्ड्यातून केळी आणि अळू यांच्याकडे वळवावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना मात्र हे पाणी देऊ नये.

निंबोळी आणि बियाणे

ज्येष्ठ-आषाढात कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. मावा, तुडतुडे दिसू लागताच अर्धा किलो गराची भरड फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवावी. सकाळी पिळून, गाळून त्यात थोडा साबण मिसळावा व एकूण पाणी दहा लिटर करावे. हा अर्क त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारावा.

सुधारित अगर गावठी वाणांच्या दोनतीन निरोगी वेलींवरील फळे बियाण्यासाठी राखावीत. बी चांगले सुकवून, कोरड्या राखेत मिसळून, झाकणाच्या डब्यात ठेवावे. संकरित वाणाचे बी मात्र धरू नये. पुढच्या पिढीत त्याचे गुण टिकत नाहीत.

घरगुती उपचार व त्यांची मर्यादा

तुळस, अडुळसा, गवती चहा, आले व ओवा यांना परसात थोडी जागा द्यावी. साध्या सर्दीखोकल्यात तुळस-आल्याच्या काढ्याने घशाला आराम पडतो. ओव्याने पोटातील वायू सरतो. गरोदर स्त्रीस अडुळसा देऊ नये आणि एक वर्षाखालील मुलास मध चाटवू नये. मुलाचा श्वास जलद चालू लागला, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर काढा बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

पावसाळ्यातील खरा शत्रू जुलाब होय. जुलाब होणाऱ्या मुलाचे पाणी तोडण्याची समजूत अद्याप काही घरांत आहे. ती घातक आहे, कारण मूल दगावते ते अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजण्यास प्रारंभ केला. शंभरांत सुमारे तीस असलेले मृत्यूचे प्रमाण चारांच्या आसपास उतरले.

क्षारसंजीवनीची चार पाकिटे प्रत्येक घरात असावीत. ती नसल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ जास्त होता कामा नये. हे पाणी घोटघोट पाजत राहावे. अंगावरचे दूध बंद करू नये. उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी टाकून द्यावे. डोळे खोल गेले, मूल सुस्तावले, पाणी पिईनासे झाले किंवा शौचावाटे रक्त पडू लागले, तर पाणी पाजीतच दवाखान्यात न्यावे.

सर्पदंशावर परसात औषध नाही. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या आपल्याकडील चार प्रमुख विषारी सापांच्या दंशावर प्रतिसर्पविष हाच उपाय होय. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि प्रतिसर्पविष असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे नाव दाराआड भिंतीवर लिहून ठेवावे. हीदेखील बेगमीच होय.

कार्यकर्त्यांस विनंती

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी प्रत्येक वाडीत एका घरी परसबाग आखून दाखवावी आणि त्याच अंगणात माताभगिनींकडून साखर-मिठाचे पाणी करवून घ्यावे. ऐकलेली गोष्ट विसरते, हाताने केलेली टिकते. स्वावलंबी कुटुंब म्हणजे वैद्यास न बोलावणारे कुटुंब नव्हे. घरी होण्याजोगे ते आधी करून ठेवणारे, आणि जे घरी होण्याजोगे नाही त्यासाठी क्षणही न दवडता घराबाहेर पडणारे कुटुंब, तेच खरे स्वावलंबी.