नाखव्याची होडी आणि उपनगराचा किनारा

वर्सोव्याहून घाटकोपरला जाणारी मेट्रो जून २०१४ पासून धावते आहे. सुमारे साडेअकरा किलोमीटरांत ती साष्टी बेटाची जवळजवळ सगळी रुंदी ओलांडते. एका टोकाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या टोकापलीकडे मिठागरं, तिवरं आणि ठाण्याची खाडी. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी बेटावरची गावं, याची आठवण आता शाळेच्या भूगोलापुरतीच उरली आहे. पण या बेटाच्या कडेला आजही अशी घरं आहेत, ज्यांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर ठरत नाही. तो तिथीवर ठरतो. वेसावे (म्हणजेच वर्सोवा), मढ, भाटी, मालवणी, मनोरी, गोराई या गावांत होडी असणं म्हणजे काय, ती माणसाला काय देते आणि त्याच्याकडून काय वसूल करते, हा या लेखाचा विषय आहे.

होडीचा मालक तो नाखवा, ती हाकणारा तांडेल आणि बाकीचे खलाशी. लहान होडीवर नाखवा आणि तांडेल बहुधा एकच माणूस असतो. गाव मोठं असेल, तर एका घराच्या दोन-तीन होड्याही असतात. कोळीवाड्यात माणसाची ओळख पुष्कळदा होडीच्या नावानं दिली जाते. नावं देवीची, आईची, लेकीची. वेसाव्यात हिंगळादेवीचा मान मोठा आणि कार्ल्याची एकवीरा तर सगळ्याच कोळ्यांची. नवी होडी पाण्यात लोटतात, तेव्हा नारळ फुटतो, गल्लीतली माणसं खांदा लावायला येतात आणि पहिली डुलकी घेऊन होडी सरळ उभी राहिली की म्हाताऱ्यांचे डोळे भरून येतात. हा आनंद पैशात मोजता येत नाही, असं कोणीही कोळी सांगेल आणि ते खरंच आहे.

मालकीचं दुसरं सुख ज्ञानाचं आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. चंद्राबरोबर भरती दररोज साधारण पाऊण तासानं पुढं सरकते, तेच या हिशेबाचं मूळ. कागद न लागणारं हे गणित कोकणपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. त्यावरच डोलीची मासेमारी उभी आहे. डोल म्हणजे तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळती होत जाणारी पिशवीसारखी प्रचंड जाळी. तळात रोवलेल्या खुंटांना ती बांधायची, पाण्याच्या ओढीला तोंड करून ठेवायची आणि प्रवाहच मासे आत आणून घालतो. पाणी स्थिरावलं की शेपूट वर ओढायचं. बोंबील, मांदेली, जवळा, करंदी, वाकट्या ही डोलीची कमाई. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओढ जोराची असते, तेव्हा रात्र-दिवस काम. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त. मग जाळी किनाऱ्यावर आणून वाळवायची, फाटलेली शिवायची. खुंट कुठं रोवायचा, हा हक्कही परंपरेनं घराकडे, गावाकडे चालत आलेला. म्हणजे डोलीचा नाखवा होडीबरोबर समुद्राच्या तळातल्या एका जागेचाही वारसदार असतो. सातबाऱ्यावर न चढलेली ही मालमत्ता मला फार मोलाची वाटते.

आता होडीच्या अंगाकडे येऊ. जुनी होडी सागवानाची. मुंबईच्या सागवानी बांधणीची ख्याती जगभर होती. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्यानं इथल्या गोदीत जहाजांमागून जहाजं बांधली. १८१७ साली इथंच पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. इंग्रजांच्या ओक लाकडाच्या तुलनेत मलबारचं सागवान पाण्यात अधिक टिकतं, हे त्या काळीच कळून चुकलं होतं. कोळ्याची होडी काही युद्धनौका नव्हे, पण शहाणपण तेच : तळाचा कणा म्हणजे पठाण भक्कम हवा, फळ्यांच्या सांधींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा आणि वर्षातून काही वेळा होडी ओढून किनाऱ्यावर घ्यायची. तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, लाकूड पोखरणारा किडा लागला आहे का ते पाहायचं, मग तेल-रंग. हे टाळलं तर होडी जड होते, डिझेल जास्त पिते आणि एखाद्या उधाणात पाणी धरते. हल्ली लाकडावर फायबरचा थर चढवतात किंवा होडी मुळापासूनच फायबरची घेतात. त्यानं किड्याचा त्रास सुटतो. पण सुतारकाम जाणणारे हात गावातून कमी होतात आणि लाकडी होडी दुरुस्त करायला माणूस शोधावा लागतो, ही खंत जुने नाखवे बोलून दाखवतात.

शीड गेलं आणि इंजिन आलं, तेव्हापासून नाखव्याच्या डोक्यावर कर्ज आलं. यांत्रिक होडीसाठी लागणारं भांडवल एकट्या घराला झेपत नाही. म्हणून सहकारी सोसायट्या आणि त्यांच्यामार्फत राष्ट्रीय सहकार विकास निगमाची कर्जं, हा महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा ठरलेला मार्ग झाला. मोठ्या होडीत सहा सिलिंडरचं इंजिन, बर्फाचा खण, बिनतारी संच. समुद्रात जायच्या आधीच डिझेल, बर्फ, शिधा आणि खलाशांना दिलेली उचल एवढा पैसा अडकलेला असतो. खलाशीही आता गावातलेच नसतात. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा, थेट नेपाळपर्यंतची माणसं या होड्यांवर दिसतात. हंगामाच्या मध्यावर चार खलाशी गावाकडे निघून गेले, तर होडी नांगराला लटकते आणि हप्ता मात्र थांबत नाही. डिझेल मुंबईत लिटरला नव्वद रुपयांच्या घरात आहे. मच्छीमारांना त्यावरच्या विक्रीकराचा परतावा मिळतो खरा, पण तो आधी पूर्ण पैसे भरून नंतर मिळतो. मधल्या महिन्यांत घर चालवणारी बाजू म्हणजे घरातली बाई. बंदरावर मासळी उतरली की लिलाव, वाटणी, टोपली, बाजार हे सारं कोळणीचं राज्य. होडीचा नफा-तोटा तिच्याइतका नेमका कोणाला ठाऊक नसतो.

वर्षातले दोन महिने होडी बंदच असते. १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी. मासळी या काळात अंडी घालते आणि समुद्रही खवळलेला असतो, तेव्हा बंदी हवीच. नारळी पौर्णिमेला सोन्याचा मुलामा दिलेला नारळ वाजत-गाजत समुद्राला अर्पण करायचा, ही या बंदीची सांस्कृतिक बाजू. कोळ्यांनी सरकारी आदेशाच्या किती तरी आधीपासून हा संयम पाळला आहे. लहान मासा मारू नये, यासाठीही आता नियम आहे. २०२३ साली राज्यानं ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली, त्यात सरंग्याची १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी सरंगा राज्यमासा झाला. वर्सोव्यातच १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. मत्स्यविज्ञान आणि डोल एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेलं दुसरं उपनगर देशात क्वचितच असेल.

समुद्राचा धोका कोळ्याला नवा नाही, पण वादळांची तऱ्हा बदलली आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाठोपाठ क्यार आणि महा, ३ जून २०२० ला अलिबागजवळ धडकलेलं निसर्ग आणि १७ मे २०२१ ला मुंबईच्या अगदी जवळून गेलेलं तौक्ते. शेवटच्या वादळात मुंबईच्या अनेक बंदरांत नांगरलेल्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. यातली गोष्ट नीट लक्षात घ्यावी : त्या होड्या भर समुद्रात बुडाल्या नाहीत, घरासमोर बुडाल्या. आडोसा नव्हता, जागा नव्हती, एकीला खेटून दुसरी उभी होती.

इथंच मला मुख्य मुद्दा मांडायचा आहे. होडी पाण्यात चालते, पण जगते किनाऱ्यावर. तिला उभं राहायला गाळ नसलेली खाडी लागते, ओढून दुरुस्त करायला उतार लागतो, जाळी पसरायला मोकळी जमीन लागते, बोंबील सुकवायला बांबूच्या वलांड्या लागतात. उपनगरात नेमकी हीच जमीन सगळ्यात महाग आहे. वर्सोव्याच्या खाडीत इतका गाळ साचतो की ओहोटीला होड्या चिखलात रुतून बसतात आणि निघायचं तर पुन्हा भरतीची वाट पाहावी लागते. गाळ काढण्याची मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. एकदा काढलेला गाळ पुन्हा भरतो, म्हणून हे काम सातत्यानं व्हायला हवं आणि ते सातत्य दिसत नाही. नाले आणि खाडीतून येणारं प्लास्टिक प्रवाहाबरोबर थेट डोलीत शिरतं. प्रवाहावर चालणाऱ्या जाळीला मासा आणि पिशवी यांत फरक करता येत नाही. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ पासून अफरोझ शाह यांनी सुरू केलेल्या सफाईनं फार मोठं काम केलं. मार्च २०१८ मध्ये तिथं ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. पण वाळू साफ झाली, तरी नाल्यातून रोज येणारा कचरा जाळीत येतच राहतो.

पुलांचाही प्रश्न आहे. वरळी कोळीवाड्याच्या नाखव्यांनी सागरी किनारा मार्गाच्या दोन खांबांमधलं ६० मीटरचं अंतर होड्यांना अपुरं असल्याचं सांगितलं आणि २०० मीटरची मागणी केली. लढून त्यांनी ते १२० मीटरपर्यंत नेलं. आता वांद्रे-वर्सोवा सागरी सेतू होतो आहे, पुढं उत्तरेकडे किनारा मार्ग जायचा आहे, मढ-वर्सोवा पुलाचीही योजना आहे. रस्ता हवा, हे मढ-मनोरीच्या रुग्णाला आणि विद्यार्थ्याला विचारा, तेही सांगतील. परंतु उधाणाच्या प्रवाहात, वाऱ्यात, भरलेली होडी दोन खांबांमधून काढणं काय असतं, हे आराखड्याच्या पहिल्या दिवशीच तांडेलाला विचारलं पाहिजे. वरळीत ते खांब उभे करायची वेळ आली तेव्हा विचारलं गेलं.

पूर्वेच्या बाजूची कथा थोडक्यात आटोपते, कारण तिथं होड्याच थोड्या उरल्या. मुलुंड-भांडुप-घाटकोपरच्या काठानं वाहणाऱ्या ठाणे खाडीत प्रदूषणानं मासेमारी खंगत गेली. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला आणि भांडुप उदंचन केंद्राजवळून पक्षी दाखवणाऱ्या होड्या सुटू लागल्या. होडीनं जाळं सोडून दुर्बीण धरली, यात रोजगार आहे आणि खाडीकडे पाहण्याची नवी नजरही आहे. पण सुटीच्या दिवसांवर चालणारी होडी घराचा मुख्य आधार होईल, असं मला वाटत नाही.

तुलनेसाठी एक दूरचं उदाहरण घेऊ. इंग्लंडमध्ये कालव्यांवर अरुंद, लांबलचक होड्यांचं एक वेगळंच जग आहे. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली यांनी बांधलेल्या कालव्यांच्या दारांची रुंदी सात फुटांच्या आसपास ठेवली गेली, म्हणून होड्याही तेवढ्याच. आज हजारो लोक त्यांत राहतात. मालकाला परवाना, विमा, सुरक्षा तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, दर दोन-तीन वर्षांनी तळाला डांबर लावावं लागतं आणि कायमचा धक्का नसेल तर सहसा १४ दिवसांच्या वर एका जागी थांबता येत नाही. म्हणजे कटकटी तिथंही आहेतच. मात्र २०१२ पासून एकच विश्वस्त संस्था इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे सांभाळते, त्यांतला गाळ काढते आणि परवान्याचा पैसा त्याच कामी लागतो. आपल्याकडे नोंदणी एकीकडे, मासेमारीचा परवाना दुसरीकडे, किनाऱ्याची जमीन तिसरीकडे, गटारं चौथीकडे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अतिरेकी ‘कुबेर’ या पळवलेल्या मच्छीमार होडीतून आले. त्यानंतर ओळखपत्रं, नोंदणी क्रमांक, होड्यांचे ठरलेले रंग, तपासण्या हे सारं आलं आणि नाखव्यांनी ते स्वीकारलं, कारण समुद्रावरचा पहिला पहारेकरी तोच असतो. कागद त्यानं पुरे केले. त्या बदल्यात खाडीचं तोंड उघडं ठेवण्याची जबाबदारी एका निश्चित यंत्रणेवर असावी, ही मागणी अवाजवी नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतीच्या दरानं वीज, पीककर्जासारखं कर्ज, विमा या वाटा त्यानं मोकळ्या होतील, अशी आशा आहे. शेतीचा दर्जा दिला तर शेतही मानलं पाहिजे. डोलीचे खुंट, वलांड्यांची जमीन, होडी ओढायचा उतार हे नाखव्याचं शेत आहे. कोळीवाड्यांच्या सीमांकनात घरांच्या भिंती मोजून थांबू नये, ही जागाही नकाशावर आली पाहिजे.

अंधेरी-बोरिवलीच्या वाचकांना एक विनंती आहे. विकास आराखड्यावर किंवा किनारा मार्गावर हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा आपण बहुधा पार्किंग आणि बागेबद्दल लिहितो. पुढच्या वेळी त्या अर्जात तीन ओळी वाढवा : खाडीतला गाळ दरवर्षी काढा, वलांड्यांची आणि होड्या ओढायची जागा राखीव ठेवा, पुलाच्या खांबांमधलं अंतर ठरवण्याआधी तिथल्या मच्छीमार सोसायटीची लेखी संमती घ्या.