पद्मिनीचं स्टिअरिंग ६० च्या पुढं थरथरतंय? स्टिअरिंग बॉक्स उघडण्याआधी चाकं बघा

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि सगळ्यांच्या फोनवर फोटोंचा पूर आला. टॅक्सी गेली, पण खाजगी पद्मिन्या अजून आहेत. कुणाच्या आजोबांची, कुणी हौसेनं घेतलेली. रविवारी सकाळी कव्हर काढायचं, एक चक्कर मारायची आणि परत झाकून ठेवायची.

गडबड होते ती गाडी हायवेला नेल्यावर. ५५ पर्यंत सगळं गुळगुळीत, ६० च्या पुढं स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं, ७० ला हात झिणझिणतात आणि ८० ला म्हणे पुन्हा शांत. गॅरेजमध्ये सांगितलं की उत्तर ठरलेलं, "बॉक्स गेलाय, बदलावा लागेल." बॉक्स बदलतात, पैसे जातात, थरथर तशीच.

कारण ठराविक वेगालाच येणारी थरथर बहुतेक वेळा बॉक्समधून नाही, चाकातून येते.

थोडं गणित करू. पद्मिनीच्या १४ इंची चाकाचा घेर टायरसकट अंदाजे १.९ मीटर. ७० च्या वेगाला ते चाक सेकंदाला साधारण १० वेळा फिरतं. रिमच्या एका बाजूला फक्त ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते चाकाला दोन किलोहून जास्त जोरानं बाहेर ओढतं, तेही सेकंदाला १० वेळा. पुढच्या चाकांना आणि स्टिअरिंगच्या जोडण्यांना हलायचा स्वतःचा एक ठेका असतो. दोन्ही ठेके जुळले की स्टिअरिंग नाचतं, वेग वाढून ठेका चुकला की शांत होतं. झोका बरोबर वेळेला ढकलला की उंच जातो, तसंच हे.

म्हणून आधी थरथर नेमकी कधी येते ते लिहून काढा. ठराविक वेगालाच येते? मग चाक आणि टायर. स्टिअरिंग शांत पण सीट आणि फ्लोअर थरथरतोय? मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट. फक्त ब्रेक दाबल्यावर येते? ब्रेक ड्रम गोल राहिलेला नाही. आणि ३०-४० च्या वेगात एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाकं अचानक डावी-उजवी फडफडायला लागली, गाडी जवळपास थांबवल्याशिवाय थांबेनात, तर ती गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवायची नाही. तिथं काहीतरी ढिलं झालंय.

आता टायर. कव्हरखाली महिनोन् महिने उभ्या गाडीचा टायर जमिनीला टेकतो तिथं चपटा होतो. थोडा चपटेपणा १५-२० किलोमीटरमध्ये निघून जातो, जुना असेल तर निघत नाही. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. १४०९ म्हणजे २००९ सालचा १४ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक आहे म्हणून असला टायर कुणी 'नवाच आहे' म्हणत असेल, तर त्याच्यावर हायवेला जाऊ नका. एका बाजूला नायलॉन आणि दुसऱ्या बाजूला रेडियल असा जोड तर पुढच्या एक्सलला चालतच नाही.

झीज पण बोलते. मध्ये झिजलाय म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडांना म्हणजे हवा कमी. एकाच कडेला झिजलाय म्हणजे अलाइनमेंट. ठिकठिकाणी खळगे पडलेत म्हणजे शॉकअब्सॉर्बर तरी गेलाय किंवा बॅलन्स तरी.

मग रिम. गाडी सपाट जागेवर घ्या, मागच्या चाकांना दगड लावा, पुढून जॅक लावून घोड्यावर टेकवा (नुसत्या जॅकवर कधीच नाही). रिमच्या अगदी जवळ विटेवर एक स्क्रूड्रायव्हर ठेवा आणि चाक हातानं सावकाश फिरवा. टोक आणि रिम यांच्यातली फट कमी-जास्त होत असेल, तर रिम वाकलीय. नुसतं बॅलन्सिंग करून ही रिम सुधारत नाही. वजनं लावता येतात, चाक सरळ होत नाही. चाक काढलंच आहे तर बोल्टची भोकं बघा. लांबुळकी झालीत किंवा भोकाभोवती गंजाचे ओघळ आहेत, म्हणजे चाक सैल बोल्टवर फिरलंय. ते वेल्डिंग करून वापरायचं नाही, बदलायचं.

फुकटातली चाचणी हवी असेल तर पुढची दोन्ही चाकं मागं आणि मागची पुढं लावा. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली, तर चोर चाकातच आहे.

जागची हलली नाही, तर पुन्हा घोड्यावर. चाक वर आणि खाली धरून हलवा. हललं, तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. आता हालचाल थांबली, तर बेअरिंग. तरीही हलतंय, तर किंग पिन. मग चाक डावी-उजवीकडून धरा. इथला प्ले बहुतेक टाय रॉड एंड किंवा आयडलर आर्मचा असतो. एकानं स्टिअरिंग थोडं थोडं हलवायचं आणि दुसऱ्यानं एकेका जॉइंटवर हात ठेवायचा, ढिला जॉइंट हाताला लगेच कळतो.

पद्मिनीत किंग पिन हा खरा दुखरा भाग. त्याला वेळेवर ग्रीस लागतं आणि उभ्या गाडीला ग्रीस मारायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. बदलायची वेळ आली तर नुसती पिन ठोकून भागत नाही. नवीन बुश बसवून, रीमर मारून पिनच्या मापाला आणावे लागतात, म्हणून लेथचं काम येणारा माणूस शोधा.

बॉक्स सगळ्यात शेवटी. त्याच्यावरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले घालवायचा मोह सगळ्यांना होतो. पण आतले दाते मधोमध जास्त झिजलेले असतात, कारण गाडी जास्त वेळ सरळच चालते. मधला प्ले जाईपर्यंत आवळलं, की वळणावर स्टिअरिंग अडकतं.

अलाइनमेंटला गाडी न्यायची ती हे सगळं झाल्यावर. ढिल्या जॉइंटवर घेतलेलं माप गॅरेजच्या गेटबाहेर पडेपर्यंत बदललेलं असतं.