फसवणुकीनंतरचा पहिला तास

अर्धापूरचा केळी बागायतदार व्यवहाराला कच्चा नसतो. व्यापारी बागेत येतो, घड पाहतो, भावावरून घासाघीस होते आणि मगच माल कापला जातो. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेतही जनावर घेणारा दात पाहिल्याशिवाय, चालवून पाहिल्याशिवाय पैशाची गोष्ट काढत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या बाजार पाहिलेल्या अशाच घरातील एखादे माणूस जुना फ्रिज किंवा शिलाई मशीन मोबाइलवरून विकायला काढते आणि पैसे मिळण्याऐवजी गमावून बसते. असे का व्हावे? आणि झालेच, तर त्या माणसाच्या मनाला व शरीराला बसणारा धक्का घरच्यांनी कसा सावरावा? या दोन्ही प्रश्नांचा विचार आधीच करून ठेवणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे.

सावधपणा कोठे निसटतो?

धोका पैसे देणाऱ्याला असतो, घेणाऱ्याला कसला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तू आपल्याच घरात आहे, पैसे तर येणार आहेत, मग भीती कशाची? नेमक्या याच निर्धास्तपणावर हा डाव रचलेला असतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या कन्येने जुना सोफा ऑनलाइन विक्रीस ठेवला होता. ग्राहक म्हणवणाऱ्याने खात्याची खात्री करण्याच्या निमित्ताने आधी अगदी थोडी रक्कम पाठवली. विश्वास बसल्यावर त्याने एक क्यूआर कोड स्कॅन करण्यास सांगितले आणि खात्यातून २० हजार रुपये गेले. चुकीचा कोड पाठवला गेला, असे सांगून त्याने दुसरा पाठवला. त्या वेळी आणखी १४ हजार गेले. ज्या घरात शिक्षणाची, माहितीची आणि अधिकाराची कमतरता नव्हती, तेथे हे घडले. म्हणून ‘अडाणी माणसेच फसतात’ हा समज मनातून काढून टाकावा.

दुसऱ्यांदा पैसे का जातात, हेही समजून घेण्यासारखे आहे. रक्कम कापली गेल्याचे दिसताच छातीत धडधडू लागते, घाम फुटतो आणि सारे लक्ष ‘पैसे परत कसे येतील’ या एकाच गोष्टीवर खिळते. अशा वेळी शांतपणे विचार करणे कठीण होते. पलीकडचा आवाज मात्र आश्वासक असतो: “घाबरू नका, लगेच परत करतो, फक्त एवढे करा.” बुडत्याला काडीचा आधार वाटावा तसा तोच आवाज आधार वाटू लागतो.

एकच कसोटी

किराणा दुकानात कोड कोण स्कॅन करतो? ग्राहक. पिन कोण टाकतो? तोही ग्राहकच. दुकानदार आपल्या मोबाइलवर काहीही न करता पैसे मिळवतो. आपण वस्तू विकत असाल, तर आपण दुकानदाराच्या जागी आहात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. पिन टाकणे म्हणजे आपल्या खात्यातून पैसे देण्यास संमती देणे होय. घरातील प्रत्येकाला एवढे पाठ असले, तरी हा डाव बहुधा तेथेच फसतो.

बाजाराचे जुने शहाणपणही येथे उपयोगी पडते. वस्तू न पाहता, भाव न पाडता, पहिल्याच फोनवर सांगितली किंमत मान्य करणारा ग्राहक माळेगावच्या यात्रेत भेटला असता, तर आपण त्याच्याकडे संशयानेच पाहिले असते. मोबाइलवरही तसेच पाहावे. ‘मी सैन्यात आहे, लांब नेमणूक आहे, वस्तू न्यायला गाडी पाठवतो’ असे सांगून ओळखपत्राचे छायाचित्र पाठवणे, जास्त रक्कम जमा झाल्याचा खोटा संदेश दाखवून फरक परत मागणे, फोन ठेवू न देणे, एखादे अ‍ॅप उतरवून घ्यायला लावणे, या सर्व खुणा एकाच रोगाच्या आहेत. रक्कम आली की नाही, हे संदेशावरून न ठरवता खात्यातील शिल्लक पाहूनच ठरवावे.

पहिल्या तासात काय करावे?

फसवणूक लक्षात येताच तो फोन बंद करावा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. त्याच वेळी घरातील दुसऱ्याने बँकेला सांगावे. रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक आणि समोरच्याचा मोबाइल क्रमांक जवळ ठेवावा. संदेश पुसून टाकू नयेत. असे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर फिरवले जातात. ते काढले जाण्यापूर्वी सूचना पोहोचली, तर रक्कम गोठवता येऊ शकते. पैसे परत मिळतीलच असे नाही, पण उशीर केल्यास ती शक्यताही मावळत जाते.

हा उशीर बहुधा लाजेमुळे होतो. ‘घरात कळले तर काय म्हणतील’ या भीतीने माणूस तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसतो. सून सासरच्यांना सांगत नाही, वडील मुलांना सांगत नाहीत. म्हणून अशा वेळी घरच्यांचे पहिले वाक्य फार मोलाचे ठरते. “तुला एवढेही कळले नाही का?” या प्रश्नाने गेलेला रुपया परत येत नाही. सांगणारे तोंड मात्र पुढच्या वेळेसाठी कायमचे बंद होते. त्याऐवजी म्हणावे, “बस, पाणी घे. मोबाइल इकडे दे, आपण फोन लावू.” माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार संगणकीय साधनाने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. अपराधी तो आहे, आपल्या घरातील माणूस नव्हे.

नंतरचे दिवस

काही दिवस झोप न लागणे, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा आठवणे, भूक मंदावणे हे स्वाभाविक आहे. मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांच्या गोळ्या या काळात चुकू देऊ नयेत, कारण ताणाने दोन्ही वाढू शकतात. छातीत दुखल्यास ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून थांबू नये. अस्वस्थता दोन आठवड्यांनंतरही टिकली, तर डॉक्टरांना भेटावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते. नांदेडजवळ विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही मानसोपचाराचा सल्ला घेता येतो. जगण्यात अर्थ उरला नाही, अशी भाषा कोणी काढली, तर ती थट्टेवारी नेऊ नये. त्या व्यक्तीला एकटे न ठेवता तातडीने मदत मिळवावी.

‘थोडे शुल्क भरा, बुडालेले पैसे मिळवून देतो’ असे सांगणारा फोन आल्यास तोही नवा सापळाच समजावा.

आज रात्री जेवणानंतर घरातील सर्वांनी मिळून दोन गोष्टी ठरवाव्यात. मोबाइलवरून काही विकायचे असेल, तर पैशाचे बोलणे दुसऱ्या कोणाला शेजारी बसवूनच करावे. आणि कोणाची फसवणूक झालीच, तर पहिला तास फक्त १९३० आणि बँकेसाठी राखून ठेवावा. त्या तासात कोणी कोणाला रागावू नये.