कारवानी घ्यावा की पश्मी? पिल्लू घरी आणण्याआधी या गोष्टी बघा

माळेगावच्या यात्रेत श्वान प्रदर्शन बघून आलेली पोरं घरी एकच हट्ट धरतात, "आपल्यालाही असलंच कुत्रं पाहिजे." लांब तोंडाचं, खोल छातीचं, पोट आत गेलेलं, वाऱ्यासारखं पळणारं. मराठवाड्यात अशा शिकारी कुत्र्यांची दोन नावं सगळ्यांच्या तोंडी असतात, कारवानी आणि पश्मी. मग घरात वाद सुरू होतो, यातलं कोणतं आणायचं?

दोघांत फरक काय?

बांधा जवळपास सारखाच. खांद्यापाशी उंची सव्वादोन फुटांच्या आसपास, अंगावर चरबी नाही, पाय लांब. दोन्ही कुत्री वासापेक्षा नजरेवर शिकार करणारी. लांबवर काही हललं की यांची मान वर होते आणि पुढच्या क्षणाला कुत्रं सुटलेलं असतं.

डोळ्याला दिसणारा मोठा फरक केसांचा. कारवानीचे केस आखूड आणि अंगाला चिकटलेले. पश्मीच्या कानांवर, शेपटीला आणि पायांच्या मागच्या बाजूला लांब, मऊ केस असतात. कारवानीचं नाव कारवानांवरून म्हणजे व्यापारी तांड्यांवरून आलं, तर 'पश्म' म्हणजे फारसीत लोकर. शेजारच्या कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या नावाने ओळखला जाणारा मुधोळ हाउंड कारवानीच्याच घराण्यातला. २००५ साली त्याच्यावर टपाल तिकीटही निघालं होतं.

केसांवरून कामाचा हिशोब

पश्मी दिसायला देखणा, पण दिवाळीनंतर गवत वाळलं की त्याचे हाल सुरू होतात. कुसळं आणि सराटे लांब केसांत अडकतात, कानात आणि बोटांच्या बेचक्यात घुसतात. कुसळ कातडीत शिरलं की जखम चिघळते. पावसाळ्यात लांब केसांत गोचीड लवकर दिसत नाही. रानातून आल्यावर रोज दहा-पंधरा मिनिटं कंगवा फिरवणारं माणूस घरात असेल, तरच पश्मीचा विचार करा.

कारवानीला हा त्रास कमी. हात फिरवला तरी गोचीड सापडतं. पण त्याची कातडी पातळ. बाभळीच्या काट्याने आणि तारेच्या कुंपणाने लगेच फाटते. थंडीत उघड्यावर झोपवलं तर कुडकुडतो आणि कडक फरशीवर बसून कोपरांना घट्टे पडतात. त्याला पोतं, गोधडी आणि वर छप्पर लागतंच.

पळणारं घर असेल तर

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे १६०० मीटरचा सराव करतात. अशा घरात ही कुत्री खूश राहतात. रोज सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर मोकळं हिंडणं त्यांना मिळालंच पाहिजे. उन्हाळ्यात मात्र ऊन चढायच्या आत पळवून घ्या. पिल्लू सव्वा वर्षाचं होईपर्यंत गाडीमागे किंवा लांब पल्ल्याला पळवू नका, कोवळी हाडं आणि सांधे कायमचे बिघडतात.

दिवसभर साखळीला बांधून ठेवायचं असेल तर दोन्हीपैकी एकही आणू नका. बांधलेलं कुत्रं चिडचिडं होतं आणि एक दिवस घरातल्याच लेकराला चावतं. राखणीलाच कुत्रं पाहिजे असेल, तर गावातलं चांगलं गावठी पिल्लू त्यापेक्षा बरं.

कोंबड्या, शेळ्या आणि विहीर

पळणारी वस्तू दिसली की पाठलाग करणं हे या कुत्र्यांच्या रक्तातच आहे. कोंबड्या मोकळ्या सुटणाऱ्या आखाड्यावर पिल्लाला पहिल्या दिवसापासून त्यांच्यात वाढवावं लागतं, तरी पूर्ण खात्री धरू नये. पाठलाग सुरू झाल्यावर हाक ऐकू येत नाही, रस्ता दिसत नाही, बिनकठड्याची विहीरही दिसत नाही. शेताला लागून डांबरी रस्ता असेल तर कुंपण आधी, कुत्रं नंतर.

शिकार मात्र नाही

पूर्वी ससा धरायला ही कुत्री पाळत. आज वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार सशाच्या, हरणाच्या मागे कुत्रं सोडणं हा गुन्हा आहे. काळवीट किंवा चिंकाऱ्याची शिकार केली तर किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद होऊ शकते. गुन्हा कुत्र्यावर नाही, मालकावर दाखल होतो. पोरांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओच पुरावा ठरतो, हे घरात आधीच बजावून सांगा.

पिल्लू घेताना

दोन महिन्यांच्या पिल्लात पश्मीचे लांब केस पूर्ण आलेले नसतात. त्यामुळे नुसत्या सांगण्यावर जाऊ नका, पिल्लाची आई बघा, जमलं तर बापही बघा. आई माणसाला घाबरून कोपऱ्यात जाते का, अंगावर येते का, हे केसांपेक्षा महत्त्वाचं. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्याने बंदी आहे. आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू घेऊच नका.

आणल्यावर जंताचं औषध, पार्व्होची लस आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्या. रेबीजची लस पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. ऑपरेशनची वेळ आली तर 'हे शिकारी जातीचं, चरबी नसलेलं कुत्रं आहे' असं डॉक्टरांना आधी सांगा. भुलीच्या काही औषधांतून ही कुत्री उशिरा शुद्धीवर येतात.

मग कोणतं?

झाडोरा, वाळलेलं गवत आणि कामाची घाई असलेल्या बहुतेक शेतकरी घरांना कारवानी परवडतो. घरात रोज केस बघणारं कुणी असेल तर पश्मीही तितकाच चांगला. पण दोन्ही कुत्री दहा-बारा वर्षं जगतात. आज हट्ट धरणारं पोरगं उद्या नोकरीला किंवा शिकायला बाहेरगावी गेलं, तर पहाटे कुत्र्याला कोण फिरवणार? या प्रश्नाचं उत्तर घरात मिळालं, की मगच पिल्लू बघायला निघा.