विश्लेषण : नीरेची ताडी नेमकी कधी होते?

दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यात परवाना असेल तर नीरा विकता येते, ताडी नाही. रस मात्र एकाच झाडाचा. आर्वी मार्गावरील आंजी (मोठी)सारख्या गावात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांजवळ जातो, तेव्हा नीरेची ताडी व्हायला काही तास पुरतात.

कायदा काय सांगतो?
जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. राज्याच्या १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार नीरा म्हणजे ताड, शिंदी, नारळ अशा झाडांचा न आंबलेला रस. तो काढायला आणि विकायला परवाना लागतो.

रस आंबतो कसा?
रसात साधारण १० ते १५ टक्के साखर असते. हवेतले आणि मडक्यातले यीस्ट या साखरेपासून मद्यार्क तयार करतात. त्यामुळे रस रात्री गोळा करून सूर्योदयापूर्वी उतरवतात. मडक्याला आतून चुना लावला की आंबण्याचा वेग मंदावतो.

तापमानाचा संबंध काय?
जपानमध्ये तांदळापासून बनणारी ‘निगोरी’ ही गढूळ, पांढुरकी साके सहसा थंड पितात, काही जण कोमटही करतात. त्याने चव बदलते, पण पेय तेच राहते. नीरेचे तसे नाही. ४ अंशांच्या आसपास ठेवली तर ती नीरा राहते. उन्हात राहिली की दिवसभरात ताडी होते आणि मद्यार्क ४-५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ताजी असतानाच उकळून आटवली, तर ८ ते १० लिटरमधून सुमारे किलोभर गूळ मिळतो.

कशासोबत, किती प्यावी?
नीरा सकाळी, थंडगार प्यावी. तर्री-पोहे किंवा आलूबोंड्याच्या तिखटावर तिचा गोडवा चांगला जमतो. मात्र २०० मिलिलिटरच्या ग्लासात २० ते ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच ते सात चमचे. ‘नैसर्गिक आहे, मधुमेहींना चालते’ हा समज धोक्याचा आहे. रस दुधासारखा पांढरा झाला, फेस आला किंवा आंबूस वास आला, तर ती नीरा राहिलेली नाही.

वर्ध्याशी नाते काय?
दारूबंदीमुळे ताडी काढणाऱ्यांचा रोजगार बुडू नये, यासाठी गांधीजींनी नीरा आणि ताडगुळाचा पुरस्कार केला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत ताडगुळाचे काम चालवले.

आजची अडचण कोणती?
अडचण थंडाव्याची आहे. पहाटे झाडावरून उतरवलेला रस बर्फात किंवा शीतपेटीत गेला नाही, तर दुपारपर्यंत तो कायद्याच्या चौकटीबाहेर जातो. त्याचे नुकसान आणि कारवाईची भीती, दोन्ही झाडावर चढणाऱ्याच्या वाट्याला येतात. शीतपेटीची सोय नसेल, तर त्याच सकाळी चूल पेटवून गूळ करणे हाच त्याच्यापुढचा सुरक्षित मार्ग.