खुळखुळा : तागाचा रानटी भाऊबंद

बंगळूरलगतच्या आनेकल तालुक्यात नाचणीच्या शेतांचे बांध आणि बन्नेरघट्टा अरण्याच्या कडेची माळराने येथे पावसाळ्याच्या अखेरीस पिवळ्या फुलांची झुडपे दिसतात. वाळलेल्या शेंगेत सुट्या बिया वाजतात, म्हणून मराठीत त्यांना खुळखुळा किंवा घागरी म्हणतात. क्रोटॅलॅरिया हे त्यांच्या प्रजातीचे नावही अशाच खुळखुळणाऱ्या वाद्याच्या ग्रीक नावावरून आले आहे.

हिरवळीच्या खताचा ताग याच प्रजातीतील होय. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, हा गुण रानजातींतही आढळतो. मात्र अनेक रानजातींत, विशेषतः बियांत, पायरोलिझिडीन अल्कलॉइडे असतात. ती यकृतास गंभीर इजा करतात आणि झाड वाळल्यानेही नष्ट होत नाहीत. १९७० च्या दशकात सरगुजा जिल्ह्यात (आता छत्तीसगड) गोंदली या बारीक तृणधान्यात खुळखुळ्याच्या बिया मिसळल्या. त्यातून यकृतविकाराची साथ पसरून अनेकांचा मृत्यू झाला.

म्हणून नाचणी, वरी यांसारख्या पिकांतील खुळखुळा शेंगा धरण्यापूर्वीच उपटावा. कापणीच्या वेळी तो कडब्यात किंवा खळ्यावर येऊ देऊ नये. धान्य चाळून व पाखडून घ्यावे. बियाण्यासाठी राखलेल्या धान्याबाबत विशेष दक्षता घ्यावी.

तथापि, गुरे चरत नाहीत अशा जागेवरील झुडपे राहू द्यावीत. काही फुलपाखरांचे नर याच अल्कलॉइडांपासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. निर्मूलन शेतातून व्हावे, निसर्गातून नव्हे.